डोंगर डाव्या हाताला

माथेरानचं नाव काढलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोक कौतुकाने सांगतात, आम्ही हवा खायला गेलो होतो. खा बाबांनो. आम्हीही गेलो होतो, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी, ऐन मे महिन्यात. आम्ही काय खाल्लं ते मला विचारा.

आमचं घर बोदवडजवळच्या एका खेड्यातलं. कपाशी आणि केळी, दोन्ही घरची. वडील आम्ही लहान असतानाच गेले, तेव्हापासून त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे नाना, घरचे कर्ते. माय त्यांच्यापुढे कपाळापर्यंत पदर ओढून वावरायची आणि त्यांच्या शब्दाला हूं म्हणायची. आम्ही दोघी बहिणी. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी, सतरा पूर्ण झालेली. त्या काळी सतराची मुलगी घरात म्हणजे शेजारच्या बायकांना जेवणानंतर चघळायला विषय. आणि अक्काचं तर कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी तापात तिचा डावा पाय धरला होता. ताप गेला, पाय राहिला, पण उजव्यापेक्षा आखूड आणि जरा बारीक. चालताना ती डावीकडे कलायची. बाकी काय कमी होतं तिच्यात? रंग, नाक, केस, हात तर असा कामाला की तिने लावलेलं केळीचं खोड कधी वाया गेलं नाही. पण बघायला येणारे पाव्हणे काय केळी बघायला येतात?

आमच्याकडे मुलगी बघायला आले की तिला चालवून बघत. चहा झाला, पानसुपारी झाली, की पाव्हण्यांतली एखादी म्हातारी म्हणायची, पोरी, जरा पाणी आण बरं. पाणी कुणाला प्यायचं असतं! सारवलेल्या सपाट अंगणातून अक्का तांब्या घेऊन निघायची आणि तीन पावलांत सगळा निकाल. तांब्यातलं पाणी न पिताच पाव्हणे उठायचे. मी दाराआडून बघायची आणि मला वाटायचं, तो तांब्या उचलावा आणि एकेकाच्या डोक्यात घालावा.

तुम्ही म्हणाल, चपलेत चिंध्या भरून उंची करायची. अहो, सासऱ्यापुढे, होणाऱ्या का असेना, पायात चपला घालून मुलगी चालेल? तिथल्या तिथे नाकं मुरडली असती. मोठ्या माणसांपुढे बायकांनी अनवाणीच चालायचं, ही आमची रीत. पुरुषांनी करकर वाजणारे जोडे घालावेत आणि आम्ही काटे मोजावेत.

तर त्या वर्षी पाचोऱ्याकडचं एक स्थळ नानांच्या कानावर आलं. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा वकिलीची परीक्षा दिलेला, जळगावला वकिली थाटणार. मुलाच्या बापाला छातीचं दुखणं, म्हणून डॉक्टरने त्यांना मे महिना थंड हवेत काढायला सांगितला होता, आणि सगळं घर माथेरानला गेलं होतं. नाना पूर्वी एकदा कुठल्याशा व्यापाऱ्याबरोबर तिथे जाऊन आलेले. त्यांच्या डोक्यात किडा वळवळला.

त्यांना युक्ती सुचली ती आमच्याच शेतात. अक्का पाटाच्या कडेने चालायची ना, पाण्याच्या पाटाच्या, तेव्हा बांधाचा उतार जर तिच्या डाव्या बाजूला चढता असला, तर आखूड पाय वर पडायचा, लांब पाय खाली, आणि ती अगदी सरळ चालायची. काहीही कळायचं नाही. आम्ही घरचे हे रोज बघत होतो आणि कुणाला त्यात विशेष वाटलं नव्हतं. नानांना वाटलं. डोंगराच्या कुशीतून गेलेल्या वाटा सगळ्या एका अंगाला कललेल्या असतात, हे त्यांनी बघून ठेवलं होतं.

"अंगणात नाही दाखवायची पोरगी," ते मायला म्हणाले. "तठीच, माथेरानले जाऊ. फिरता फिरता बघतील. डोंगर डाव्या हाताले ठेवजो म्हणा पोरीले, बाकी मी बघतो."

बोदवडच्या बाजारात बैल विकणारे जनावराची खोडीची बाजू भिंतीकडे करून उभं करतात. नानांनी बैल पुष्कळ विकले होते. मी तोंड उघडलं तर माय म्हणाली, तुझं तोंड शिवून घे. अक्काने ट्रंकेत घडी करून दोन लुगडी ठेवली, आणि मला म्हणाली, तुझं परकर-पोलकं दे, तेही भरते. मला बरोबर न्यायचं ते तिच्या उजव्या अंगाला चालायला, आडोसा म्हणून. हे मला नंतर कळलं.

गाड्या बदलत बदलत नेरळला पोचलो, तिथून ती खेळण्यासारखी गाडी. वळणावळणाला मी खिडकीचा गज धरून तोंड बाहेर काढायची. मायने बांधून घेतलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी कुणालाच गेली नाही. वर पोचलो तर सगळीकडे लाल माती. लुगड्याचे काठ लाल, पाय लाल, नखं लाल. माकडं माजलेली, आणि माकडांपेक्षा माजलेले हवा खायला आलेले लोक. टोपीवाले साहेब, माणसांनी ओढायच्या रिक्षांत बसलेल्या त्यांच्या मडमा, आणि मुंबईचे शेटजी पोट पुढे काढून हातात काठी घेऊन सकाळ-संध्याकाळ चालताहेत. कुठे चाललात? कुठेच नाही. कड्यापर्यंत जायचं, खाली बघायचं, अहाहा म्हणायचं आणि परत यायचं. शेतात दिवसभर पाय मोडून आलेल्या माणसाला हे असलं चालणं बघून काय वाटत असेल!

उतरलो एका खाणावळीत. मुलाकडची माणसंही तिथेच उतरलेली, म्हणजे नानांनी ते आधीच साधलं होतं, आणि वर तोंड करून म्हणाले, अरे, तुम्ही इथे? काय योग बघा! मुलाच्या बापाला काय कळत नव्हतं? तेही म्हणाले, योग आहे खरा.

जेवणघर एकच लांब. पुरुष एका भिंतीला, बायका समोरच्या भिंतीला, मधून वाढपी धावायचे. वरण गोड! भाजीतसुद्धा गूळ! मिरची म्हणून जे होतं ते नुसतं हिरवं होतं. आणि फुलके इतके पातळ की पलीकडचा माणूस दिसावा. आमच्या घरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आठवून मला रडू यायचं. पण माझं सोडा. अक्काला मायने सांगून ठेवलं होतं, दोनच फुलके घ्यायचे, घास लहान, आवाज नाही, मान वर नाही. कारण आमच्या शेजारीच मुलाची आत्या बसायची. विधवा, धुळ्याकडे दिलेली, भावाच्या घरी राहून घर ताब्यात घेतलेली. तिची बोली तिकडचीच. स्वतः ती भाताचा डोंगर उपसायची आणि नजर अक्काच्या ताटातून हलायची नाही. एकदा म्हणाली, "पोर कमी खास, दुखनं तं नही ना?" जास्त खाल्लं तर हावरी, कमी खाल्लं तर रोगी. अशा बाईचं काय करावं?

मुलगा समोरच्या भिंतीला बसायचा. चष्मा, नीट भांग, मान खाली. मला तो पहिल्या क्षणापासून आवडला नाही. बापाने ऊठ म्हटलं की उठायचा, बस म्हटलं की बसायचा.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला फिरायला निघायचं ठरलं. नानांनी सकाळीच जाऊन वाट नक्की केली होती. जाताना डोंगर डावीकडे, दरी उजवीकडे; पुढे वाट वळसा घालून गावाच्या सपाटीवर यायची आणि तिथे बाजाराची गर्दी. गर्दीत कोण कुणाचे पाय बघतो?

नाना आणि मुलाचा बाप पुढे. त्यांच्या मागे मुलगा. मग आम्ही दोघी, अनवाणी. आणि आमच्या मागे माय आणि ती आत्या, म्हणजे तिला आम्ही पाठमोऱ्या नीट दिसाव्यात. पायांखाली लाल खडी, मधेच झाडांची मुळं. अक्काने माझा दंड धरला होता. आणि खरं सांगते, ती अशी चालली की मीसुद्धा बघत राहिले. सरळ, ताठ. सतरा वर्षांच्या मुलीने चालावं तशी. तिने माझा दंड सोडला. एकटी चालू लागली. पदर वाऱ्याने उडत होता आणि तिच्या तोंडावर हसू होतं. माझी बहीण अंगणात तांब्या घेऊन निघताना कधी हसली नव्हती.

पुढे मुलगा थांबला. मागे वळून, रीत मोडून, तिलाच म्हणाला, "खडी टोचते. सावकाश चाला, घाई नाही कुणाला."

अक्काने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग म्हणाली, "आम्हाला सवय आहे." आणि तोही हसला. मला त्याचा राग आला. तू जोडे घालून सांगतोस होय, सावकाश चाला!

वळसा जवळ आला होता, आणि तिथे मुलाच्या बापाला दम लागला. छातीवर हात ठेवून ते दगडावर बसले. पाणी दिलं, वारा घातला. जरा बरं वाटल्यावर ते म्हणाले, "परत जाऊ. पुढे नको."

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. "पुढचा रस्ता जवळचा आहे भाऊ! हे काय, वळलं की गावच."

"नको. आलो तो रस्ता माहीत आहे. त्यानेच जाऊ."

नाना म्हणाले रिक्षा बोलावतो. या अरुंद वाटेवर रिक्षा येत नव्हती. मग त्यांना घोडेवाला दिसला. म्हणाले, पोरी दमल्या असतील, घोड्यावर बसवतो. आत्याने डोळे वटारले. "नवरी पोर घोडावर? तुमनाकडे आशी रीत शे का?" ती अख्खी वाट नानांनी आखली होती, माणूस मधेच दमेल हे तेवढं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि दुखणाईत म्हणूनच तो माणूस तिथे आलेला! इतकं शहाणपण, आणि एवढी साधी गोष्ट सुटली.

परत फिरलो. आता डोंगर उजव्या हाताला. लांब पाय वर, आखूड पाय खाली. अक्का दर पावलाला दरीकडे झुकत होती. सपाट अंगणात ती जेवढी कलायची त्याच्या दुप्पट. मी तिच्या डाव्या बाजूला गेले, तिला धरलं, पण मी काय, अंगाने काडी. माय मागून हळू आवाजात देवाचं नाव घेत होती.

"थांब गं पोरी," आत्या म्हणाली. सगळे थांबले. "तू बाजूले व्हय," मला म्हणाली. आणि अक्काला, "आते एकली चाल. त्या झाडाकडे जाय, आनि परत ये."

अक्का गेली. कलत, एक हात हवेत. झाडाला हात लावून ती वळली. आता डोंगर पुन्हा डावीकडे, आणि ती आमच्याकडे सरळ, ताठ चालत आली. आत्या शेतकऱ्याचीच लेक. तिने एकदा उताराकडे बघितलं, एकदा नानांकडे.

"बठ्ठं समजनं मले, नाना," ती म्हणाली. "डोकं भारी शे तुमनं. आजून एकदा चाल गं पोरी."

आणखी एकदा! कळलं होतं ना? मग आणखी एकदा कशाला? मजा म्हणून? येणारे-जाणारे शेटजी काठी टेकून उभे राहिले होते. एक मडम रंगीत छत्री फिरवत बघत होती. अक्का पुन्हा वळली, निघाली. आणि मुलगा? मुलगा दरीत बघत होता. दरीत काय होतं? धूळ होती.

मला राहवलं नाही. मी ओरडले, "तुम्हीच चाला ना आत्याबाई! तुम्ही दाखवा चालून! आम्हालाही बघू द्या!" मायने माझ्या पाठीत धपाटा घातला. मी तिचा हात झिडकारला, सगळ्यांना मागे टाकलं आणि त्या वाटेने तरातरा निघाले. परकर खोचला, पाय आपटत, मागे न बघता, थेट खाणावळीपर्यंत. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. वाटलं, निदान एवढं तरी त्यांना दाखवलं.

काय दाखवलं ते संध्याकाळच्या जेवणाला कळलं.

कुणाला जेवायचं नव्हतं, पण पंगत मांडली होती, बसावं लागलं. तेच गोड वरण. पुरुषांच्या भिंतीला सगळे माना खाली घालून कालवत होते. अक्का माझ्या शेजारी. आत्याने भात कालवला, बोटं चाटली, आणि समोर भावाला म्हणाली, "धाकली पोर सरळ शे. पाय बी सरळ, चाल बी. तोंड तेवढं तिखट शे, ते आपन बघूत."

मुलाच्या बापाने घसा साफ केला. "नाना, मोठीचं राहू द्या. झालं ते मनात ठेवत नाही आम्ही. धाकटी द्यायची असेल तर बोलणं पुढे नेऊ."

वाढपी फुलक्यांचं ताट घेऊन मधे उभा होता. नानांनी अक्काकडे बघितलंसुद्धा नाही. अब्रू वाचली याचाच आनंद त्यांच्या तोंडावर. "तुमचीच आहे पोरगी," ते म्हणाले.

मी म्हणाले, "मी नाही." मोठ्याने म्हणाले, सगळ्या जेवणघराला ऐकू गेलं. नाना म्हणाले, "चूप बस." मायने खालून मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मी मुलाकडे बघितलं. तू तरी नाही म्हण! दुपारी सावकाश चाला म्हणणारा तू! त्याचा घास हातात होता. त्याने एकदा अक्काकडे बघितलं, मग बापाकडे, मग ताटाकडे. आणि तो घास त्याने तोंडात घातला.

जेवण उरकून खोलीत आलो. माय बाहेर आत्याशी बोलायला थांबली होती, आता तिला थांबणं भाग होतं. अक्का खाली बसून पायातली लाल खडी नखाने काढत होती. तळव्याला दोन जागी रक्त आलं होतं.

"मी नाही म्हणणार," मी म्हणाले. "लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही म्हणणार. विहिरीत उडी मारीन पण त्या मेंगळटाशी लग्न करणार नाही. बैल आहे तो बापाचा."

"त्याले बोलू नको," अक्का म्हणाली.

"का नको? तुला वळवत होते, चालवत होते, आणि तो दरी बघत होता!"

"त्याच्यानं बघवलं नाही म्हणून." तिने खडा काढून बाजूला टाकला. "तो मले आवडला व्हता."

मी चिडून म्हणाले, "मग तर मी मुळीच नाही करणार!"

"तू नाही म्हणली तर तो मले भेटन का?" तिने माझ्याकडे बघितलं. ती रडत नव्हती. "कर तू. जा. आणि त्याच्याशी नीट वाग."

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. मी नाही म्हणाले नाही. चौदा वर्षांची मुलगी काय म्हणणार, आणि म्हणाली तर ऐकणार कोण? त्यानंतर अक्काला बघायला कुणी आलं नाही. डोंगरावरची गोष्ट आत्याने धुळ्यापासून भडगावपर्यंत तिखटमीठ लावून पोचवली होती. अक्का नानांच्या घरी राहिली, केळी तिनेच सांभाळल्या, नाना थकल्यावर हिशेबबिशेबही तिच्याकडेच आले. आत्याशी मी सासरी पुरती लढले, तो भाग निराळा आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.

माहेरी गेले की रात्रीची भाकरी करताना अक्का विचारायची, "बरे आहेत ना घरचे?" घरचे म्हणजे कोण हे आम्हा दोघींना ठाऊक. मी म्हणायची, आहेत. आणि चुलीत फुंकर घालायची.

काय सांगणार तिला? घरोघर बायका पुरुषांच्या मागून उरलंसुरलं जेवत, तेव्हा हा माणूस आत्याच्या नाकावर टिच्चून माझं ताट आपल्या शेजारी मांडायला लावायचा. माझ्या बाळंतपणात रात्र रात्र पोर खांद्यावर घेऊन फिरला. कधी हात उचलला नाही, आवाजही नाही. मी त्याला हजारदा टाकून बोलले, तर चष्मा पुसून म्हणायचा, तुझं खरं आहे. मी त्याचा एखादा दुर्गुण शोधत राहिले, दारू, बाई, खोटेपणा, काहीही. तसला एक जरी सापडता ना, तर मी त्याच दिवशी बोदवडची गाडी धरली असती आणि अक्काला जाऊन सांगितलं असतं, अक्का, सुटलीस गं तू.